पूफ्नाची खाज आणि उघडी खिडकी

झिकाला त्या कुत्रीचा मनापासून वैताग आला होता. तसा वैताग हा त्याचा जुना धंदाच. उभा जन्म सर्बियातल्या क्राल्येवो गावच्या आगाराची बस चालवली. भर उन्हाळ्यात एखाद्याने खिडकी उघडली की मागून चार बाया ओरडणार, “लावा ती! प्रोमाया होतेय!” आणि दोन्ही पक्षांची तक्रार ड्रायव्हरकडे. प्रोमाया म्हणजे या खिडकीतून आत शिरून त्या खिडकीतून बाहेर पडणारा वारा. त्याने मान धरते, कान ठणकतो, तोंड वाकडं होतं, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. झिकालाही ते मान्य होतं. फक्त बसची भट्टी झाली की त्याची श्रद्धा जरा डळमळायची.

तर कुत्री. पूफ्ना तिचं नाव. पांढरीशुभ्र, केसाळ, उशीएवढी. म्हणजे पांढरीशुभ्र असायला हवी होती. सध्या तिचे केस तेलात बुडवून काढल्यासारखे चिकटून पिवळट पडले होते, कातडीवर कोंड्याच्या खपल्या, पोटाखाली लाल चट्टे, आणि वास असा की जिन्यात लोक एकमेकांकडे संशयाने बघायचे. दिवसरात्र खरड खरड. खाजवून दमली की पाय चाटायची, चाटून दमली की पुन्हा खाजवायची.

कुत्री झिकाची नव्हतीच. ती त्याच्या बायकोची, ल्युबिंकाची. ल्युबिंकाचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि पाय वळवायला शिकवतात तिकडे, गरम पाण्याच्या झऱ्यांवर, तिला पाठवलं होतं. जाताना ती नवऱ्याला काय खायचं ते सांगून गेली नाही; कुत्रीचं मात्र साग्रसंगीत सांगून गेली. दर शनिवारी आंघोळ. आंघोळीनंतर डुकराची चरबी बोटभर, पाठीवर चोळून, केस चमकतात. मग लोकरीच्या शालीत घट्ट गुंडाळायचं, खिडक्या सगळ्या बंद, संध्याकाळपर्यंत सोडायचं नाही. “ओल्या अंगाला वारा लागला तर मेली समज!”

झिकाने सगळं केलं. जुलैच्या उकाड्यात घामाने निथळत त्याने खिडक्या लावल्या आणि कुत्रीची पुरचुंडी बांधली. कुत्रीची खाज वाढली.

त्यात ल्युबिंकाचा फोन. तिच्या सर्जनने बजावलं होतं, जखम पुरती भरेपर्यंत असलं चट्टेवालं जनावर बिछान्याजवळ नको.

“मग हिला बाहेरच्या खोलीत बांधू,” झिका म्हणाला.

“बांधू? माझ्या पूफ्नाला बांधू? हे बघ झिका, रविवारी मला इथून सोडतील, तोवर ती बरी नसेल तर मी सरळ स्मिल्याकडे जाते. तिकडे जिना नाही, अंगण आहे, पूफ्नालाही तिकडेच नेते; माझी वाट बघत दाराशी तरी बसेल. तू बस तुझ्या टीव्हीपुढे.”

स्मिल्या म्हणजे तिची विधवा बहीण. खेड्यात एवढं मोठं घर घेऊन एकटी राहते आणि कित्येक वर्षं हिला ‘ये, ये’ करते. ल्युबिंका एकदा तिकडे गेली की परत यायची नाही, हे झिकाला पक्कं माहीत होतं. मग रिकाम्या स्वयंपाकघरात एकट्याने सूप ढवळत बसायचं. पण हे फोनवर कोण बोलणार? तो म्हणाला, “तुझी मर्जी,” आणि फोन ठेवून स्वतःलाच शिव्या घातल्या.

तेवढ्यात समोरच्या देसाबाई आल्या. न विचारता सल्ला देण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

“अहो शेजारी, हिला राकिया चोळा! घरी गाळलेली, आलुबुखारांची. माझ्या नवऱ्याची पाठ राकियाने बरी झाली.”

“तुमच्या नवऱ्याला केस होते का पाठीवर?”

“होते तर! अस्वल होता नुसता.”

बुडत्याला काडीचा आधार. झिकाने राकिया चोळली. पूफ्ना अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले, आणि चट्टे टोमॅटोसारखे फुलले. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, दुसरं काय! उरलेली राकिया झिकाने स्वतः प्यायली. तिचा तेवढाच उपयोग झाला.

मग त्याने कुत्रीला उचललं आणि पुन्हा जनावरांच्या डॉक्टर बोयाना यांच्याकडे नेलं. त्यांनी आधी औषधी शाम्पू दिला होता.

“दहा मिनिटं फेस ठेवत होता?”

“ठेवत होतो.”

“नीट धुऊन काढत होता?”

“होतो हो!”

“मग वाळवत कसं होता?”

झिकाने अभिमानाने सांगितलं. चरबी, शाल, बंद खिडक्या, सगळं. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“झिका, अहो, बुरशी वाढवायची असती तर मीसुद्धा हेच केलं असतं! ऊब, ओल आणि वर चरबी. बिचारीच्या अंगावर तुम्ही लोणचं घातलंय. चरबी बंद. आंघोळीनंतर टॉवेलने टिपा, अगदी कातडीपर्यंत कोरडी करा आणि खिडक्या उघडा. दोन्हीकडच्या. खेळती हवा पाहिजे.”

“दोन्हीकडच्या? पण प्रोमाया...”

“कुत्र्यांना प्रोमाया होत नाही!” एवढं बोलून बाई उठल्या, मागचं दार उघडं राहिलं होतं ते लावून घेतलं आणि मानेवरून हात फिरवत परत बसल्या. “माणसांचं वेगळं.”

घरी येऊन झिकाने कुत्रीला शाम्पूने धुतलं, कातडीपर्यंत टिपलं आणि खिडक्या उघडल्या. पुढची, मागची, मधलं दारसुद्धा. पडदे फडफडले, वर्तमानपत्र उडालं, देसाबाईंनी जिन्यातून ‘वेड लागलं का माणसाला!’ म्हणून देवाचं नाव घेतलं. झिका मानेला टॉवेल गुंडाळून, दात ओठ खात, कुत्रीला वाऱ्यात धरून बसला. मान धरलीच. पण पूफ्ना हळूहळू खाजवायची थांबली. चट्टे फिके पडले, खपल्या गळाल्या. शनिवारी ती सोफ्यावर पसरून चक्क घोरत होती.

रविवारी ल्युबिंका काठी टेकत वर आली. टॅक्सीवाल्याने बॅग दारात ठेवली. दार उघडताच वाऱ्याने तिचे केस उडवले.

“झिका! मारायला टपलायस का मला? लाव ती खिडकी!”

तेवढ्यात पूफ्ना धावत आली. ल्युबिंका खुर्चीवर बसली, तिला मांडीवर घेतलं, केस बाजूला करून कातडी बघितली, नाक खुपसून वास घेतला. “अगं बाई! बरी झाली की. कशाने?”

जन्मभराच्या भांडणांत झिकाला असा हुकमी पत्ता कधी मिळाला नव्हता. त्याने तोंड उघडलं आणि त्याला ते बोलवेना.

“शाम्पू... लागू पडला.”

“चरबी लावलीस?”

“नाही.”

“शाल?”

ल्युबिंकाने फडफडणाऱ्या पडद्याकडे पाहिलं, मग कुत्रीकडे.

“म्हणजे मीच का रे? इतकी वर्षं? रात्री खाजवायची, तर मी उठून आणखी चरबी चोळायचे.”

“काहींची कातडीच तशी असते,” झिका म्हणाला.

“खोटं बोलू नकोस, तुला जमत नाही.” तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

झिकाला काय करावं कळेना. खुब्याच्या ऑपरेशनची बाई वाऱ्यात बसलेली, म्हणून तो खिडकी लावायला उठला.

“राहू दे उघडी,” ती म्हणाली.

“मान धरेल तुझी.”

“धरू दे.” तिने स्कार्फ मानेभोवती घट्ट ओढून घेतला आणि खेकसली, “आणि ती बॅग आत ने आधी. दारात काय ठेवलीयस? मी काय निघालेय का कुठे?”