मोटर कुणी लावली?

निघोज्याला आमच्या घरामागे विहीर आहे. मोटर लावायला-बंद करायला सासऱ्यांना दिवसातून तीन-चारदा खाली उतरावं लागे आणि त्यांचे गुडघे दुखत. मी चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. स्टार्टरला वायफायचा स्विच जोडणं माझ्यासाठी अवघड नव्हतं. घरात असलं की तो फोनवरून चालायचा, पण मला तो कंपनीतूनही चालवायचा होता. नेटवाल्याकडून घरच्या इंटरनेटसाठी न बदलणारा, कायमचा आयपी पत्ता मागून घेतला आणि एका रविवारी राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं एक दार, उघडलं. बाहेरून त्या पोर्टवर जो येईल, त्याला राऊटर सरळ स्विचकडे पाठवणार होता. स्विचला पासवर्ड नव्हता. नंतर घालू म्हटलं आणि राहून गेलं.

पंधराएक दिवसांनी दुपारी कँटीनमध्ये जेवत होते. सासूबाईंचा फोन आला.

"मोटर बंद कर गं! आधी बंद कर!"

मागून सासऱ्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. मी फोनवरचं स्विचचं बटण दाबलं. काहीच होईना. पुन्हा दाबलं, तेव्हा 'बंद' दिसलं. तोवर फोन कट झाला होता आणि परत कुणी उचलेना.

गाडी काढली. पुढे कंटेनरची रांग होती. डोळ्यांसमोर सारखी सासऱ्यांची बोटं येत होती. कंपनीत मशीनला हात लावण्याआधी मी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावते, म्हणजे दुसरं कुणी तो चालू करू शकत नाही. घरी मी काय करून ठेवलं होतं?

सासरे ओट्यावर बसले होते. मी आधी त्यांचे हात पाहिले. दोन्ही धड होते. मानेवर मात्र लाल वळ उठला होता. खांद्यावरचा पंचा मोटरच्या फिरत्या शाफ्टने ओढून घेतला होता आणि त्याच्या चिंध्या अजून तिथेच गुंडाळलेल्या होत्या.

"पंपातनं पानी गळत व्हतं, म्हून शाफ्टाभवती दोरी भरत व्हतो," ते म्हणाले. "तू लावलीस व्हय?"

"नाही मामा. मी जेवत होते."

"मग कुनी लावली?"

मी फोनवर राऊटरची सेटिंग उघडली. पासवर्ड दोनदा चुकला. नोंदींमध्ये त्या पोर्टवर कुठले कुठले अनोळखी पत्ते येऊन गेलेले दिसत होते. एक तर बरोबर मोटर लागली त्याच मिनिटाला. कुणाचं आमच्याशी वैर नव्हतं. दिसेल ते पोर्ट चाचपत फिरणारा एखादा प्रोग्रॅम असणार. त्याला इथे विहीर आहे, माणूस आहे, हे ठाऊकही नसेल.

ते पोर्ट काढून टाकलं आणि स्विचही सोडवला. आता मोटरचं काही काम काढलं की सासरे आधी मेनचा फ्यूज काढून खिशात टाकतात.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी हळूच विचारलं, "घरातलं आणखी काही बाहेरून चालू करता येतं का गं कुणाला?"

"नाही," मी म्हणाले. आणि उठून राऊटरमधली उघड्या पोर्टांची यादी पुन्हा पहिल्यापासून तपासायला बसले.