पूर्णेचं खालचं पाणी

पाण्याबद्दल कुणी चुकीचं बोललं की कोंडिबामामा हातातलं वल्हं होडीच्या काठावर आपटत. पहिल्याच दिवशी माझ्यापायी त्यांनी ते चार वेळा आपटलं.

येलदरीला धरण बांधायचं घाटत होतं. हैदराबादहून इंजिनिअर होऊन मी पुढच्या पदवीच्या प्रबंधासाठी पूर्णेच्या प्रवाहाचा वेग मोजायला आलो होतो. मामा तिथले भोई, त्यांचा जन्म होडीत गेलेला. मी लाकडी ठोकळे पाण्यात सोडायचो, घड्याळ बघायचो, वही भरायचो. आकडे रोज वेगळे येत आणि मी नदीलाच दोष देई.

मामा भडकले. "वरचं पाणी वाऱ्याच्या ताब्यात ऱ्हातंय. नदी खालून जायलीय. तू वारा मोजायलास, लेका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाळका भोपळा आणला, वाळू भरून त्याचं तोंड मेणानं बंद केलं आणि दोरीनं जोंधळ्याच्या धाटाचा तुकडा बांधला. भोपळा कमरेइतका खाली गेला, धाट वर तरंगत राहिलं. त्या धाटामागे आम्ही दोन महिने होडी हाकली. आकडे जुळले.

निघताना त्यांनी एकच मागणं केलं. "भोपळा पुस्तकात गेला तर माजं नाव घाल. आमची वस्ती धरणात बुडणार हाय. कुठं तरी ऱ्हाऊ दे."

मी शब्द दिला. माझ्या प्राध्यापकांना भोपळा फार आवडला, नाव मात्र त्यांनी लाल शाईनं खोडलं. भोयाचं नाव बघून परीक्षक हसतील, म्हणाले. मी "बरं, सर" म्हणालो. त्या माणसाचा मला आजही संताप येतो, आणि त्याहून जास्त माझा येतो. पदवी अडेल म्हणून मी शेपूट घातली, दुसरं काही नाही.

तरीही प्रबंध दाखवायला निर्लज्जासारखा येलदरीला गेलो. मामांनी हातपाय धुतले, सगळी वस्ती बोलावली आणि वाच म्हणाले. पुस्तक इंग्रजी, वाचणारा मी एकटा. मी पान उघडून मराठीत बोललो, "ही रीत कोंडिबा भोई यांची."

"परत वाच."

तीन वेळा वाचलं. मग ते म्हणाले, "नाव कोणतं ते बोटानं दाव."

पानावर 'एक स्थानिक मजूर' एवढंच छापलेलं होतं. मी त्यावर बोट ठेवलं. मामांनी बायकोकडून करंडा मागवला आणि त्या शब्दांना कुंकू लावलं.