रेडिओ हातात असताना

नाशिकजवळच्या आमच्या छोट्या धावपट्टीला टॉवर नाही. तू उतर, तू थांब, असं सांगणारं कोणी नाही. प्रत्येकाने रेडिओवर आपापली जागा सांगायची आणि इतरांचं ऐकून आपलं विमान सांभाळायचं. जो बोलत नाही, तो हवेत आहे हेच कोणाला कळत नाही.

मी इथे विमान चालवायला शिकवते. विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडतो, तेव्हा मी रेडिओ घेऊन खाली उभी राहते आणि तोंड बंद ठेवते. माझा आवाज आला तर काहीतरी चुकलंय असं समजायचं. विचार करत बसायचं नाही, पूर्ण पॉवर द्यायची आणि वर जायचं. हे मी इतकं घोटून घेते की माझं नुसतं "हॅलो" ऐकलं तरी पोरांचा हात पॉवर द्यायला पुढे जातो.

त्या सकाळी सटाण्याकडची एक बडबडी पोरगी पहिल्यांदा एकटी वर होती. "फायनल," तिने रेडिओवर खणखणीत सांगितलं. म्हणजे शेवटचा टप्पा, समोर धावपट्टी. कोणी उत्तर दिलं नाही. तिच्या लेखी आकाश मोकळं होतं.

आणि मला दुसरं विमान दिसलं. तिच्या मागे, थोडं वर, तिच्याहून वेगात, त्याच धावपट्टीकडे उतरत होतं. कुठला पाहुणा होता कोण जाणे! रेडिओवर चकार शब्द नाही. बहुतेक भलत्याच फ्रिक्वेन्सीवर बसला होता. त्याला नाकाखालची ती दिसत नव्हती आणि तिला डोक्यावरचा तो.

बटणावर अंगठा ठेवला आणि तसाच थांबवला, दाबला नाही. बोलले तर ती वर जाणार, सरळ त्याच्या पोटात. "वर जाऊ नको" म्हणायचं, तरी पहिला शब्द ऐकताच तिने पॉवर दिलेली असणार. हात हलवायचीसुद्धा चोरी. त्याचाही तिने तोच अर्थ घेतला असता. उतर गं बाई, उतर लवकर! त्या मेल्याला मनातल्या मनात नाही नाही त्या शिव्या घातल्या. इतकी लाचार मी आयुष्यात कधी झाले नव्हते. दोघांमधलं अंतर कमी होत गेलं आणि मी रेडिओ छातीशी घट्ट धरून गप्प उभी राहिले.

तिची चाकं टेकली. तेव्हा कुठे त्याला ती दिसली असावी. त्याने विमान झटक्यात वर उचललं आणि बाजूला वळून निघून गेला. ती विमान सरळ ठेवण्यात गुंतली होती. तिला काहीच कळलं नाही.

विमान उभं करून ती धावतच आली. "मॅडम, तुम्ही एक शब्द नाही बोलल्या! म्हणजे भारी उतरवलं ना मी?"

तिला पोटाशी धरून रडावंसं वाटलं. मी नुसती मान डोलावली. तिने तिथल्या तिथे वडिलांना फोन लावला आणि "पप्पा, मॅडमलाच विचारा" म्हणत माझ्या हातात दिला.

"मॅडम, पोरगी बरी उडवते ना?" ते विचारत होते. "काही भीती नाय ना?"

माझ्या दुसऱ्या हातात रेडिओ अजून छातीशी धरलेलाच होता.