विमान उतरवायचं तर बोलावं लागतं

तीस वर्षं मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. नगर जिल्ह्यातल्या निम्म्या बसस्थानकांवर लोकांनी माझा आवाज भोंग्यातून ऐकलाय. असा माणूस निवृत्तीनंतर संगमनेरच्या घरात हेडफोन लावून बसतो आणि चार शब्द बोलायचे म्हटले की त्याची दातखीळ बसते, यावर माझ्या बायकोचा अजून विश्वास नाही.

लेक नोकरीसाठी पुण्याला गेली, तेव्हा जुना कॉम्प्युटर आणि त्यातला विमान चालवायचा खेळ मला देऊन गेली. एकट्यानं उडवत होतो तोवर मी राजा होतो. मग तिनं मला ऑनलाइन जोडून दिलं. तिथं बाकीची विमानंही खरी माणसं उडवतात, आणि त्यांना वाट देणारा कंट्रोलरही आपापल्या घरी बसलेला खरा माणूस असतो. बटण दाबून त्याला सांगायचं, मी अमुक, इथं आहे, तिकडं जायचंय. तो सांगेल ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. सगळं इंग्रजीत, आणि तेही बाकीचे पायलट ऐकत असताना.

पहिल्या दिवशी मी बटण दाबलं, घसा खाकरला, ते सगळ्यांना ऐकू गेलं, आणि मी कॉम्प्युटरची पिनच उपसली. 'लाईट गेली,' मी बायकोला सांगितलं. ती वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत म्हणाली, 'व्हय, दिसतंय.'

त्यानंतर जिथं कंट्रोलर नसेल, तिथंच मी उडू लागलो. बोलायची वाक्यं एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागं लिहून आरशासमोर घोकली. बायकोनं दारातून ऐकलं. 'कुठल्या निवडणुकीला हुबं ऱ्हाताय?'

इंग्रजीचं निमित्त मी सगळ्यांना सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. खिडकीमागं बसलेला माणूस अडखळणाऱ्याचं काय करतो, ते मला पक्कं ठाऊक होतं. पाथर्डीकडचा एक नवा ड्रायव्हर एकदा माझ्या खिडकीशी गाडीची नोंद करायला आला. गाडीचा नंबर सांगताना त्याचं ततपप झालं. मी माईक चालू ठेवूनच विचारलं, 'तोंडात गुळणी धरलीय का रं?' सगळा फलाट हसला. मीही हसलो. पुढं तो स्वतः कधी आला नाही, कंडक्टरलाच पाठवायचा. आता पलीकडं माझ्यासारखाच कुणी बसला असेल, तर?

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी पुण्याहून शिर्डीला निघालो. तिथं कुणी कंट्रोलर नाही, हे बघूनच निघालो होतो. निम्म्या वाटेत पडद्यावर चिठ्ठी आली: कंट्रोलर हजर आहे, संपर्क करा. बायको शेजारीच शेंगा फोडत बसली होती. पिन उपसायची सोय उरली नव्हती.

बटण दाबलं. विमानाचं नाव सांगितलं. तेवढ्यात पत्रिका हातातून खाली पडली आणि मी गप्प. बटण मात्र दाबलेलंच, म्हणजे माझ्या गप्प बसण्यानं सगळ्यांची लाईन अडली होती. कसंबसं बटण सोडलं आणि आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून खांदे आवळले.

कानात एका मुलीचा आवाज आला. लेकीच्याच वयाची असेल. 'टेक युअर टाइम, सर. आय ॲम हिअर.'

एवढंच. आणि ती थांबली. मागं ताटकळलेल्या दोन विमानांनाही तिनं थांबवलं. मी पत्रिका उचलली आणि बघून बघून सगळं सांगितलं. तिनं उंची दिली, मी परत म्हटली. एक आकडा चुकला. तिनं तो पुन्हा सांगितला, तशाच आवाजात. विमान दोनदा आपटून उतरलं, तरी ती म्हणाली, 'वेल डन, सर.'

हेडफोन काढला, तेव्हा आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त लाज वाटत होती.

'कोन हुतं?' बायकोनं विचारलं.

'कंट्रोलर. पोरगी होती एक.'

'म्हंजी तुमच्यावानीच की.'

'नाही गं,' मी म्हणालो. 'मी असं कधी कुणाशी बोललो नाही.'

मला वाटलं ती म्हणेल, असू द्या, तुमी काय वाईट नव्हता. तिनं नुसती एक शेंग फोडली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले.