समोरच्याची सही

रिजेक्टकाकांना तुमचं स्वतःचं मत ऐकण्यात काडीचा रस नसे. तुम्ही ते सांगायला लागलात, की हात वर करून थांबवत आणि म्हणत, "ते तुला माहीतच आहे. दुसरं सांग."

सातपूरच्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. दिवसभर गेज लावून सुटे भाग तपासायचे, मापात न बसणारा लाल पेटीत टाकायचा. पहिली पाळी सुटली की घरी चहा घेऊन साडेपाचला आमच्या कामगार वसाहतीच्या वाचनालयात हजर. तिथे आम्हा सात-आठ मुलांना ते वादविवाद स्पर्धेसाठी तयार करत, तेही हौसेनं. भाषण जमलं नाही तर "रिजेक्ट" एवढाच शब्द, तोही आवाज न चढवता. म्हणून हे नाव. ते त्यांच्या कानावर गेलेलं होतं, आणि मला वाटतं, त्यांना आवडतही होतं.

त्यांची पद्धत अशी. विषय ठरला की आधी प्रत्येकाचं मत विचारायचे आणि नेमकी उलटी बाजू गळ्यात घालायचे. भाषण वहीत लिहायचं, मग वसाहतीत असा माणूस शोधायचा, ज्याचं खरोखरच तसं मत आहे. त्याला वाचून दाखवायचं. "हो, हेच म्हणायचंय मला," असं तो म्हणाला की खाली त्याची सही घ्यायची. सही नसलेलं भाषण काका ऐकून घेत नसत.

आठवीत असताना माझ्या वाट्याला हेल्मेटसक्तीचा विरोध आला. मी सक्तीच्या बाजूची, त्यामुळे फार हुशारी करून लिहिलं आणि नाक्यावरच्या मिसळवाल्याकडे गेले. तो रोज पोलिसांशी हुज्जत घालणारा. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुम्ही मला येडा दाखवलाय यात." दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी त्याच्या बाकावर तासभर बसले आणि फक्त ऐकलं. त्याची मान, तिचं जुनं दुखणं, मागचा हॉर्न ऐकू न येण्याची भीती. सही मिळाली, तर्रीच्या डागासकट. माझं मत काही बदललं नाही, आजही मी हेल्मेट घालते. पण त्या माणसाला अडाणी म्हणणं तेव्हापासून सुटलं.

वसाहतीत सगळ्यांना हे पसंत होतं असं नाही. सगळ्यात जास्त राग माझ्या वडिलांना, आप्पांना. ते दुसऱ्या एका कंपनीत टर्नर होते, मूळचे वणीकडचे, बोलायला रोखठोक. "तो माणूस पोरांना दोन तोंडं लावतोय," असं ते पारावर उघड म्हणत. काका हसून सोडून देत. काकू मात्र म्हणायच्या, "बाहेर दोन बाजू चालू देत. घरात एकच असते, माझी."

बी.ए. झाल्यावर मला पुढे शिकायला पुण्याला जायचं होतं. प्रवेश मिळाला होता. आप्पा म्हणाले, "नाशकात कालिजं नाय का? नाय म्हंजे नाय." आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ताट समोर ठेवायचं, उचलायचं, बस. प्रवेशाची मुदत संपायला बारा दिवस उरले होते. मी काकांकडे गेले. माझी खात्री होती, काका येतील, दोन मुद्दे टाकतील आणि आप्पा गप्प होतील.

काकांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "वही काढ. वडिलांची बाजू लिही. सही त्यांचीच लागेल."

मला रडू फुटलं. "काका, ही काय स्पर्धा आहे का?"

"नाही ना. म्हणून तर नीट लिही."

मी लिहिलं: लोक काय म्हणतील, मुलीची जात, शहर मोठं. काकांनी वाचून वही परत दिली. "रिजेक्ट. तुझे वडील लोकांना कधी घाबरले? हे तुला सोयीचे वडील आहेत. खरे आण."

रविवारी आप्पा अंगणात मोटारसायकलच्या चेनला तेल देत होते. मी शेजारी बसले आणि विचारलं, "आप्पा, मी गेले तर काय होईल, ते सांगा. मी मध्ये बोलणार नाही." त्यांनी चेन एकदा पूर्ण फिरवली. मग म्हणाले, "मी सहा महिन्यांसाठी सातपूरला आलो व्हतो. इथंच राह्यलो. सणाला गावी जायचो तर एकदा आई म्हनली, किती दिवस हायेस? तिच्या मनात काय नव्हतं. पन घरच्या मानसाला असं कोनी इचारतं का? त्या दिवशी कळलं, मी पाव्हना झालो." हातातलं फडकं त्यांनी उगाच झटकलं. "तुला तसं इचारायची येळ माझ्यावर येऊ नये, येवढंच."

हे मी जसंच्या तसं लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी हात पुसले, पेन घेतलं आणि पगाराच्या दिवशी करत तशी पूर्ण नावाची सही केली. वर दटावलं, "सही केली म्हंजे हो म्हनलो असं नाय."

त्यानंतर जे झालं ते मला काकूंकडून कळलं. दोन दिवसांनी आप्पा स्वतः काकांच्या घरी गेले. खिशातून कागद काढला. त्यावर माझी बाजू लिहिली होती, चार ओळींत. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि कागद परत दिला. "अक्षर छान आहे. पण सही कुठाय?"

आप्पा तो कागद घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि वाचू लागले. "पोरगी हुशार हाय. तिला जे शिकायचंय ते इथं नाय. ती जाईल पन तुटनार नाय. बापानं आडवं येऊ नये." मी म्हटलं, "हेच म्हणायचं होतं मला," आणि सही केली.

मी पुण्याला शिकले, तिथेच शिकवू लागले. सुटीला घरी येते तेव्हा आप्पा विचारतात, जेवलीस का, गाडीला गर्दी होती का. किती दिवस आहेस, हे त्यांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही. हे माझ्या पदरात काकांनी टाकलं, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी काकांची स्वतःची एक जुनी वही माझ्या हातात दिली. काका स्वतःही नियम पाळत होते, स्वतःविरुद्धची बाजू लिहून बघत होते, हे मला तेव्हा कळलं. त्यातलं एक पान खोडाखोडीनं भरलेलं होतं आणि खाली शेवटचा मजकूर होता:

"या माणसाच्या हाताखाली मुलं बोलायला शिकतात, पण कशाला धरून राहायचं ते विसरतात. उद्या अन्यायाची बाजू वाट्याला आली, तर तीही टाळ्या घेऊन मांडतील. माझं मूल असं होऊ नये."

खाली सहीची जागा कोरी होती.

मी वही आप्पांपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचलं. "बरोबर लिव्हलंय. मी हेच म्हनायचो," ते म्हणाले. मी पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. "आता तसं वाटत नाय. मला सही नाय करता यायची."

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी वसाहतभर फिरले. त्या काळी काकांना नावं ठेवणारे अजून तिथेच आहेत. सगळ्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि वही परत दिली. काकांच्या नियमानं ते भाषण अजून रिजेक्टच आहे.