जुनं माप फाडल्यावर

आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या शिलाईच्या दुकानात एक नियम होता. नवं माप घेतलं की जुनी चिठ्ठी तिथल्या तिथे फाडायची. एकाच गिऱ्हाइकाच्या दोन चिठ्ठ्या राहिल्या की कधी ना कधी कापड चुकीच्या चिठ्ठीवर कापलं जातं, असं ते म्हणायचे. एका बँडमास्तरांचा कोट तसा कापला गेला होता. मास्तर लग्नानंतर चांगले सुटले होते आणि कोट मात्र लग्नाआधीचा झाला. तेव्हापासून नवी चिठ्ठी गळ्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण लिहायची आणि जुनी फाडायची. कानडी मुलखात, मंडी मोहल्ल्यातल्या त्या दुकानात मी आणि माझी थोरली बहीण अक्का ह्याच शिस्तीत वाढलो. अक्का शिवणकामात राहिली, मी कॉम्प्युटरच्या नोकरीला लागलो. सवय दोघांचीही गेली नाही.

दुसरी एक पद्धत सगळ्याच दुकानांत असते. बायकांचं माप पडद्याआड घेतात, घेणारा आतून आकडे ओरडतो आणि बाहेर बसलेला लिहून घेतो. त्यात कुणाला काही वाटत नाही. पण हुणसूरहून येणाऱ्या एका शिक्षिकेला वाटायचं. त्यांची पाठ लहानपणापासून वाकडी होती, एक खांदा वर आणि एक खाली. आधीच्या एका दुकानात डाव्या-उजव्याचे आकडे मोठ्याने बोलले गेले, तेव्हा बाकावरच्या बायका माना वळवून पडद्याकडे बघू लागल्या. हे त्यांनी अप्पांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, जरा रागानेच.

अप्पांनी त्यांचं माप मुक्याने घेतलं. सगळे आकडे डोक्यात ठेवले, बाहेर येऊन स्वतः कॉम्प्युटरवर भरले. आम्ही दोघं दुकानात असलो तर ओठांवर बोट ठेवून आम्हाला गप्प करायचे, आणि आम्ही नजर खाली घालायचो. ह्या गिऱ्हाइकाची कागदी चिठ्ठी अशी कधी झालीच नाही. पुढे त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं, अंग बदललं, तेव्हा अप्पांनी एकदा नव्याने माप घेतलं आणि म्हणाले, "इदे कोने, टीचर. हे शेवटचं. पुन्हा टेप लावणार नाही तुम्हाला." त्या हसल्या होत्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर महिन्याभरात अप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. आकड्यांचं तर असं झालं की पाच म्हणायला तीन बोटं दाखवत. दुकानामागच्या खोलीत त्यांची खाट होती, मध्ये फक्त एक पडदा. दुकान अक्का बघू लागली.

आता मशीनचं. मापं ठेवायचा अप्पांचा प्रोग्रॅम फार जुना. ज्या कॉम्प्युटरवर तो चालायचा तो बंद पडल्यावर मी त्याचं व्हर्च्युअल मशीन करून दुकानातल्या पुढच्या कॉम्प्युटरवर बसवलं होतं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर. बाहेरून पाहिलं तर नुसत्या चार-दोन मोठ्या फाइली. अप्पांना स्क्रीनवर त्यांची जुनी निळी चौकट दिसायची आणि ते खूश असायचे. त्या वर्षी दसऱ्याआधी तोही कॉम्प्युटर रखडायला लागला. मी नवा आणला. फाइली इकडून तिकडे नेल्या, जुन्याची डिस्क साफ पुसली आणि तो एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. पुसताना मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं. बायकांची मापं परक्याच्या हाती जायला नकोत, अप्पांनीही हेच केलं असतं.

फाइली नेताना जवळजवळ एकाच नावाच्या दोन मोठ्या फाइली दिसल्या होत्या. एक दोन वर्षांपूर्वीची, एक कालचीच. मी कालची घेतली. जुनी सोडून दिली.

ऑफिसात मी दिवसभर हेच काम करतो. आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर मी त्याला सगळ्यांदेखत फाडून खाल्लं असतं. पण दुकानात शिरलो की मी शिंप्याचा मुलगा होतो, आणि शिंप्याच्या मुलाचा हात नवी चिठ्ठी उचलतो.

शिक्षिकेचा फोन आला. दसऱ्यानंतर त्यांच्या घरात एक लग्न होतं, रविवारी त्या ब्लाउजचं रेशमी कापड घेऊन येणार होत्या. "माप आहेच ना तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. अक्का म्हणाली, "आहे की, टीचर." मग तिने मला हाक मारली, मी मशीन सुरू करायला गेलो आणि ते सुरू झालं नाही.

पहिल्या दिवशी मी निर्धास्त होतो. नव्या कॉम्प्युटरमध्ये असली मशीनं चालवायची सोयच बंद ठेवलेली होती. ती चालू केली. मग मशीनला मेमरी कमी पडत असेल म्हणून वाढवली. दुसऱ्या दिवशी एक नवीन चूक दाखवू लागलं. ही डिस्क दुसऱ्या एका डिस्कवर उभी आहे आणि ती दुसरी सापडत नाही, असा त्याचा मतलब. पत्ता बदलला असेल म्हणून मी पत्ते दुरुस्त करत बसलो. आणि त्या पत्त्यात मी सोडून दिलेल्या जुन्या फाइलीचं नाव वाचलं.

दोन वर्षांपूर्वी प्रिंटर बसवताना मी खबरदारी म्हणून मशीनचा स्नॅपशॉट घेतला होता, आणि विसरलो होतो. स्नॅपशॉट घेतला की जुनी फाइल तिथेच थांबते आणि त्यानंतर जे बदलतं तेवढंच नव्या फाइलीत जातं. आमच्या दुकानात नवी चिठ्ठी पूर्ण असायची. मशीनच्या नव्या चिठ्ठीत फक्त फेरफार होते, आणि ते कशातले हे सांगणारी जुनी चिठ्ठी मी माझ्या हाताने फाडली होती.

"सुरू झालं काय रे?" अक्काने विचारलं.

मी सांगितलं. हातातली कात्री तिने टेबलावर ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली.

"अय्यो," ती म्हणाली. "अप्पांनी शब्द दिला होता रे तिला."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणे! मग सुम्मने, नुसता बसून राहू नको. काढ काहीतरी. आणि अप्पांना कळू देऊ नको, सांगून ठेवते."

मी रजा टाकली. जुना कॉम्प्युटर घेणाऱ्याकडे गेलो, तर तो पुढे विकला गेला होता; हाती लागला असता तरी मी पुसलेलं परत आलं नसतं. मग उरलेली फाइल उघडून तिच्यातली अक्षरं नुसती वाचत सुटलो. ह्या बाजूला, त्या बाजूला कचरा आणि मध्येच कुणाचं तरी नाव. शुक्रवारी दुपारी शिक्षिकेचं नाव सापडलं आणि त्याच्या मागे ओळीने सतरा आकडे. मी ओरडलोच. ऑपरेशननंतरचं माप नवं होतं म्हणून ते ह्याच फाइलीत आलं होतं.

अक्का धावत आली. तिने आकडे पाहिले आणि विचारलं, "ह्यातला डावा खांदा कोणता?"

मला सांगता येईना. कोणत्या जागी कोणतं माप, हे प्रोग्रॅमने अगदी सुरुवातीला लिहून ठेवलं होतं, आणि ते गेलेल्या फाइलीत होतं. छाती, कंबर, बाही अक्काने अंदाजाने ओळखली. पण साडेचौदा आणि पावणेबारा कुठल्या खांद्याचे? साडेसात आणि सव्वासहा कुठल्या मुंढ्याचे? ज्या अंगाला दोन्ही बाजू सारख्या असतात तिथे हा प्रश्नच येत नाही.

"खाली कोणता आहे, डावा की उजवा?" अक्का म्हणाली.

त्या सात-आठ वर्षं दुकानात येत होत्या. आम्हा दोघांनाही आठवेना. आम्हाला बघायचं नाही म्हणून शिकवलं होतं आणि आम्ही खरंच कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी त्या आल्या, मोरपंखी रेशीम घेऊन. बाकावर साडीला फॉल लावून घ्यायला आलेल्या दोन बायका होत्या. मी कागद पुढे केला आणि जे झालं ते सगळं सांगितलं. माझी चूक, माझ्या हाताने, असंच सांगितलं. त्यांना मशीनचं किती कळलं ठाऊक नाही. मी म्हणालो, "टीचर, ह्यातले कोणते आकडे कोणत्या बाजूचे, तेवढं तुम्ही सांगितलंत तर..."

त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. "मला माझे आकडे माहीत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमच्या वडिलांनी कधी बोलूनच दाखवले नाहीत."

अक्काने त्यांना पडद्याआड नेलं. फॉलवाल्या बायकांना मी उद्या या म्हणून सांगितलं. त्यातली एक उठली, दुसरी काम होईपर्यंत बसते म्हणाली. मी पाठ करून लिहायला बसलो. अप्पांसारखं डोक्यात ठेवणं अक्काला जमणारं नव्हतं. ती प्रत्येक आकडा पडद्याच्या कडेशी येऊन कुजबुजत होती. तीन-चार आकडे तसे झाले. बाकावरची बाई पुढे वाकून ऐकू लागली.

"जोरागि हेळि," आतून शिक्षिकेचा आवाज आला. मोठ्याने सांगा. "कुजबुजलेलं जास्त ऐकू येतं."

मग अक्काने मोठ्याने सांगितले. डावा खांदा साडेचौदा. उजवा खांदा पावणेबारा. मी लिहीत गेलो. एकेक आकडा अप्पांच्या आकड्याशी तंतोतंत जुळत होता, आणि त्याचा मला जराही आनंद झाला नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी पदर सारखा केला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, फक्त पर्सची चेन त्यांना दोन-तीनदा ओढावी लागली. "ब्लाउज झाला की हा कागद मला द्या," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे राहू देऊ नका." मी हो म्हणालो. त्या हुणसूरच्या बससाठी निघून गेल्या. ब्लाउज न्यायला त्यांचा भाऊ आला. ब्लाउज चांगला बसल्याचं फोनवर कळलं. त्या स्वतः पुन्हा आल्या नाहीत.

पण त्या रविवारी, त्या गेल्यावर, मी मागच्या खोलीत गेलो. अप्पा झोपले असतील अशी आशा होती. ते उशीवरून अर्धे उठले होते, डाव्या हाताने खाटेची कड धरून. किती वेळ तसे होते कोण जाणे. मधल्या पडद्यातून सगळं ऐकू येतं. मी काही बोलायच्या आधी त्यांनी कड सोडली, हात वर नेला आणि माझ्याकडे बघत ओठांवर बोट ठेवलं.

मी मान हलवली. आकडे तर बोलून झाले होते.