प्युरिटनांच्या तासाला

बारामतीत एम.ए.ला आम्हाला अमेरिकन साहित्य शिकवणारे सर मला कधीच आवडले नाहीत. प्युरिटनांबद्दल ते अशा थाटात बोलायचे, जणू ती माणसं त्यांच्या भावकीतली. समुद्र ओलांडून अमेरिकेत वसलेली ती कडक धर्मनिष्ठ मंडळी, त्यांची प्रवचनं, त्यांच्या रोजनिश्या. त्यातूनच त्या देशाला कष्ट, काटकसर, घरोघरी वाचायची सवय आणि स्वतःच्या मनाची झडती घ्यायची शिस्त मिळाली, असं सर सांगायचे.

देवानं काही माणसं आधीच निवडलेली असतात, हे सांगताना तर त्यांचा चेहरा उजळायचा. मला चीड यायची. आमच्या भवानीनगरकडं ज्यांच्या रानाला कालव्याचं पाणी मिळालं, ते स्वतःला कष्टाळू म्हणवतात आणि कोरडवाहूवाल्यांना आळशी. तोच हा हिशोब.

एकदा सरांनी प्रयोग काढला. त्या लोकांत चर्चचा सभासद व्हायचं तर सगळ्यांपुढं आपल्या मनाची, पश्चात्तापाची हकिगत सांगावी लागे; मग ऐकणारे ठरवत, याला आत घ्यायचं का. "आपणही करून बघू," सर म्हणाले.

पहिल्यांदा एका बागायतदाराचा मुलगा उठला. आपण गर्विष्ठ होतो, वाचनानं बदललो, असं त्यानं घोटून आणल्यासारखं सांगितलं. सगळ्यांनी हात वर केले.

मग माझी मैत्रीण उठली. ती कऱ्हाटीची. सकाळी धारा काढून, डेअरीला दूध घालून एसटीनं यायची.

"लग्नानंतर वर्षाच्या आत मी नवऱ्याचं घर सोडलं," ती म्हणाली. "घरच्यांना वाटतं मी दुःखात हाय. पण मला लई बरं वाटतंय. पस्तावा न्हाय."



"पश्चात्तापच नाही," सर हसले. "मग? घ्यायचं आत?"

माझा आणि मागच्या बाकावरच्या एकीचा, एवढेच हात वर झाले. सरांनी फळ्यावर 'बाहेर' असं लिहिलं. "मनाला लावून घेऊ नका. अनुभवातून शिकलात."

मी उभी राहिले. "सर, तुमची हकिगत राहिली."

"मी शिक्षक आहे."

"तिथं धर्मगुरूचीही पारख व्हायची, असं तुम्हीच सांगितलं होतं."

सरांनी घड्याळ बघितलं, पुस्तक उचललं आणि ते निघून गेले.

स्टँडवर मैत्रीण म्हणाली, "तू कशाला भांडलीस? हात वर होणार न्हाईत, मला ठावं होतं. पण खोटं बोलायचं जिवावर आलं."

वर्गातल्या कुणीतरी ती गोष्ट कऱ्हाटीपर्यंत पोचवली. तिचे वडील बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. सरांच्या तासाला ती पुन्हा बसली नाही. लायब्ररीत एकटी वाचत बसायची.

वर्गातल्या चाचणीत प्युरिटन साहित्याच्या प्रभावावर प्रश्न आला. वेगळा विचार केला म्हणून त्या वसाहतींनी हाकलून दिलेल्या माणसांवर आणि ज्यांची ती जमीन होती त्या मूळ रहिवाशांवर मी लिहिलं. सरांनी मला काठावर पास केलं. विद्यापीठाच्या परीक्षेत आम्ही दोघीही पास झालो. ती आता इंदापूरला शाळेत शिकवते.

निरोप समारंभात सरांबद्दल चार शब्द बोल, असं मला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. अजूनही ते रस्त्यात दिसले तर मी नमस्कार करत नाही.